कापलेलं बॉनेट

धुळे,
९ फेब्रुवारी २०२५

चि. धनश्री,

आशीर्वाद. हे पत्र मुद्दाम तुझ्या नावाने आणि टपालाने पाठवतो आहे. फोन केला की तुझी आई शेजारी येऊन उभी राहते, आणि मला जे विचारायचंय ते तिच्यासमोर विचारायचं नाही.

गेल्या आठवड्यात कविताच्या हळदीला शकुंतला इथे आली होती. तिने सगळ्यांना तुमचे दसऱ्याचे फोटो दाखवले. जीपला झेंडूचा हार, पुढे नारळ, बाजूला तुम्ही मायलेकी. सगळ्यांनी कौतुक केलं. मी बॉनेट पाहिलं. एकतीस वर्षं मोटार वाहन निरीक्षक होतो, माझी नजर आधी गाडीवर जाते, मग माणसांवर. तुमच्या बॉनेटला मधोमध चौकोनी भोक आहे, आणि त्यातून पत्र्याचं काहीतरी टीचभर वर आलंय. हार त्यावरच टाकला होता, पण झेंडू कमी पडला.

शकुंतलेला विचारलं, तर म्हणाली, ते धनूला ठाऊक. आणि लगेच माझ्या ताटात जिलबी वाढली. न मागता जिलबी वाढली म्हणजे काहीतरी दडवते आहे, हे मी तुझी आई फ्रॉकात होती तेव्हापासून ओळखतो.

तुझे बाबा गेल्यापासून जीप तू चालवतेस, आई रांधते आणि बमरोलीच्या मिलांच्या फाटकावर तुम्ही कामगारांना जेवण पोचवता. त्याचं मला कौतुकच आहे. पण कायदा साधा आहे. कंपनीने गाडी जशी बनवली आणि आरसी बुकात जशी लिहिली, त्यात आपल्या मनाने फरक करायचा नाही. इंजिन बदलायचं तर आधी परवानगी, मग नोंद. माझ्यापुढे बॉनेट कापलेल्या ज्या गाड्या आल्या, त्यांतल्या बहुतेकांत खाली दुसरंच इंजिन निघालं. मोठं इंजिन मावत नाही, म्हणून बॉनेट कापतात. आणि ते दुसरं इंजिन कुठून आलं, याचं उत्तर कोणी नीट देत नाही.

तुझ्या बाबांची, रामदासची जीप एप्रिलमध्ये पंधरा वर्षांची होते. पुन्हा नोंदणी करायला पासिंगला न्यावी लागेल. तिथे अडकली की तुमची खानावळ बसली, हे तुला सांगायला नको.

तर असं कर. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर, दोन्हींवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घास आणि ते कागद मला पाठव. फोटो नकोत, फोटोत हल्ली काहीही करता येतं. आणखी एक. जीपच्या काचेवर ‘योगराज ऑटो’ असं लिहिलेलं दिसलं. हा योगराज कोण?

तुझा,
अशोकमामा


गोडादरा, सुरत,
१९ फेब्रुवारी २०२५

ती. मामांना नमस्कार.

तुमचं पत्र पोस्टमनने नेमकं आईच्याच हातात दिलं. ती म्हणाली, “तुना मामा काय म्हनस?” मी सांगितलं, माझं अक्षर बिघडलंय म्हणतात. तिला ते पटलं. सुरतेत राहून पोरगी मराठी विसरेल म्हणून तुम्ही मला चौथीपासून पत्रं लिहायला लावलीत, त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

बॉनेटचं भोक हवेसाठी आहे. गोडादऱ्याहून बमरोलीला जाताना ट्राफिकमध्ये जीप फार तापते. बाकी काही नाही.

सोबत चेसिसची प्रिंट आहे, ती छान आली. इंजिनच्या नंबरावर तीनदा पेन्सिल घासली, तिन्ही वेळा नुसता काळा डाग आला. त्यातला त्यात बरा डाग पाठवते आहे.

योगराज ऑटो हे नवागामच्या नाक्यावरचं गॅरेज. बाबा असल्यापासून जीप तिथेच जाते. माणूस चांगला आहे.

आमचं बरं चाललंय. आई हल्ली आठवड्यातून दोनदा शेवभाजी करते, त्या दिवशी फाटकावर रांग लागते. बारा-बारा तास कापड विणत साच्यावर उभी असलेली माणसं, त्यांना गरम जेवण मिळालं की ती आशीर्वाद देतात. म्हणतात, बाकीच्यांचं वरण गार असतं, तुमचं तोंड भाजतं. आई खूश असते.

एक विचारायचं होतं. पासिंगला साहेब बॉनेट नुसतं बाहेरून बघतात की उघडूनच बघतात?

तुमची,
धनू


धुळे,
२६ फेब्रुवारी २०२५

चि. धनश्री,

डाग पोचला. भिंग लावून दोन दिवस पाहिला. चांगल्या इंजिनाचा नंबर असा येत नाही. कानशीने घासला किंवा वर काही भरून बुजवला, की असा येतो. मी असे डाग फायलीला लावलेले आहेत.

हवेसाठी भोक पाडतात तेव्हा त्यातून पत्रा वर येत नाही. आणि साहेब बॉनेट उघडतात का, हा प्रश्न स्वच्छ गाडीवाला विचारत नाही. त्याला फरकच पडत नाही. मला वाटलं होतं माझी भाची तरी मला सरळ उत्तर देईल.

आता त्या योगराजविषयी. ‘माणूस चांगला आहे.’ तीन शब्द. शाळेतल्या मालतीबाईंबद्दल तू दोन-दोन पानं लिहायचीस. वय काय त्याचं? लग्न झालंय का? बाप नसलेल्या घरात कोणी उगाच जीव टाकत नाही. तुम्हा दोघींना गाडीतलं काही कळत नाही हे ओळखून त्याने जुनं इंजिन काढून विकलं असेल आणि चोरीचं बसवलं असेल, तर उद्या पोलीस त्याच्याकडे नाही, तुझ्याकडे येतील.

तुला एक गोष्ट सांगतो, जी शकुंतलेलाही पूर्ण ठाऊक नाही. साक्रीकडचा सुकदेव माझा मित्र होता. सत्याण्णव साली त्याने जीप पासिंगला आणली. म्हणाला, “अशोक, उन्हात कशाला उभा राहतोस, गाडी आपलीच आहे.” मी बॉनेट न उघडता सही केली. दोन महिन्यांनी जीप घाटात पेटली. इंजिन बदललेलं होतं, डिझेलची नळी तापलेल्या लोखंडाला टेकून गेली होती. सुकदेव आतच राहिला. चौकशीत माझ्यावर काही आलं नाही, कारण कागद बरोबर होते. तेव्हापासून मी एकही बॉनेट न उघडता सोडलेलं नाही. लोकांनी मला खडूस म्हटलं, म्हणू दिलं.

मला भीती वाटते, धनू. तू रोज त्या जीपमध्ये बसतेस. खरं काय ते लिही.

अशोकमामा


गोडादरा, सुरत,
८ मार्च २०२५

ती. मामा,

सुकदेवकाकांचं वाचून वाईट वाटलं. पण त्यानंतर जे वाटलं तेही लिहिते. मला तुमचा राग आला.

डागाचं कारण ऐका. जीप घ्यायच्या आधी बाबा नवागामला साच्यावर होते, हे तुम्हाला माहीत आहे. दसऱ्याला सगळे कारागीर आपापल्या साच्याला तेलात कालवलेला शेंदूर लावतात. जीप आल्यावर बाबा तिच्या इंजिनाला लावायला लागले. इंजिनावर बोटभर रुंद एकच सपाट जागा आहे, शेंदूर तिथेच नीट बसतो. आणि कंपनीने नंबरही तिथेच ठोकलाय. पंधरा दसऱ्यांचा शेंदूर आहे तिथे. त्यावर धूळ, ऑइल, सगळं बसून डांबरासारखं झालंय. खरवडला तर नंबर दिसेल. मी खरवडणार नाही. त्यातले बारा थर बाबांच्या हातचे आहेत, वरचे तीन फक्त माझे.

योगराज यांचं लग्न झालंय. याहून जास्त मला विचारू नका. मी अठ्ठावीस वर्षांची आहे आणि गोडादऱ्याच्या बाजारातून रिव्हर्समध्ये जीप काढते. मला कोणी फसवत असेल तर ते मला कळेल.

बॉनेटचं मी बघून घेईन. पासिंगची तारीख ३ एप्रिल मिळालीय. एवढाच संशय असेल तर तुम्ही या. धुळ्याहून सुरत काही लांब नाही. बॉनेट उघडून देते, हवं तितका वेळ बघा.

धनश्री


धुळे,
१५ मार्च २०२५

चि. धनश्री,

शेंदराचं वाचून बरं वाटलं. मी त्या बाजूने विचारच केला नव्हता. माझं मन आता निवलं आहे.

यायचं मनात होतं, पण गुडघा साथ देत नाही. तू सगळं व्यवस्थित करशील याची खात्री आहे. मीच उगाच तुला टोचून बोललो.

त्या योगराजचं पूर्ण नाव आणि दुकानाचा पत्ता तेवढा कळव. रामदासच्या माघारी त्याने तुमची गाडी सांभाळली, दोन ओळी आभाराच्या लिहाव्यात म्हणतो. पासिंगच्या मैदानावर किती वाजता बोलावलंय तेही लिही, म्हणजे त्या वेळी इथे देवापुढे दिवा लावीन.

शकुंतलेला आशीर्वाद सांग.

तुझा,
अशोकमामा


गोडादरा, सुरत,
२० मार्च २०२५

ती. मामांना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून छातीवरचा दगड उतरला. मीही फार तोडून लिहिलं होतं, मनावर घेऊ नका.

त्यांचं नाव योगराज चिंतामण सोनवणे. नवागाम नाका, पाण्याच्या टाकीसमोर. तुम्ही लिहिलंत तर त्यांना फार आवडेल, बाबांनी तुमच्याबद्दल त्यांना खूप सांगितलेलं आहे. पासिंग सकाळी अकराला आहे.

दिवा लावाच. आई म्हणते, भाऊने दिवा लावला की काम होणार.

तुमची,
धनू


गोडादरा, सुरत,
६ एप्रिल २०२५

ती. मामा,

पासिंग झालं. ते आधीच लिहिते, म्हणजे पुढचं सावकाश वाचता येईल.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही कापलेलं बॉनेट काढून जुनं, कंपनीचं बॉनेट बसवलं. ते मी माळ्यावर जपून ठेवलं होतं. पासिंगपुरतं सगळे असंच करतात, तुम्हाला मी काय सांगायचं. साहेबांनी ब्रेक बघितले, दिवे, हॉर्न, वायपर. मग खिशातून एक पाकीट काढलं आणि म्हणाले, “बेन, आ मराठीमां छे. वांची आपो ने.”

साहेब मेहसाण्याकडचे, नवीनच बदलून आलेले. त्यांना जीपचा नंबर आणि बॉनेट हा शब्द तेवढा लागला होता. बाकी तुमची ती ऑफिसातली गिचमिड त्यांच्या डोक्यावरून गेली, आणि तिथला मराठी कारकून रजेवर होता. माझ्याविरुद्धचा निनावी अर्ज त्यांनी वाचायला माझ्याच हातात दिला. मामा, तुम्ही एवढे कायदेवाले, आणि गुजरातच्या ऑफिसात मराठीत अर्ज टाकलात. एकतीस वर्षांची सवय असणार. पहिल्याच ओळीतला ‘सेवेशी’ पाहिला आणि पुढचं वाचायच्या आधीच कळलं, हे कोणाचं. चौथीपासून ओळखते मी ते अक्षर.

योगराजकाका शेजारीच उभे होते. होय, काकाच. अठ्ठावन्न वर्षांचे आहेत, दोन नातवंडं आहेत. तुमच्या अर्जात ते ‘तरुण मेकॅनिक’ आहेत. मी तुम्हाला वय कळवलं नाही, कारण तुम्ही ते ज्या सुरात विचारलंत तो सूर मला आवडला नव्हता. ती माझी चूक झाली असेल. पण आभार मानायला म्हणून तुम्ही माझ्याकडूनच त्यांचा पत्ता घेतलात.

मी एकेक वाक्य मराठीत वाचत होते आणि साहेबांना गुजरातीत सांगत होते. त्यांना काय कळणार होतं? मी काहीही वाचलं असतं तरी चाललं असतं. ‘बॉनेट कापले असून तपासणीपुरते बदलले जाण्याची शक्यता आहे’, ही ओळ गाळली असती तर पाच मिनिटांत आम्ही बाहेर होतो. मी वाचली. ती खरी होती.

‘इंजिन क्रमांक जाणूनबुजून बुजविला आहे’, तेही वाचलं. साहेबांनी डिझेलचा बोळा मागवला आणि माणसाला घासायला लावलं. आधी काळं निघालं, मग लाल. शेंदराचं पाणी खाली जमिनीवर ओघळत होतं आणि मी बघत उभी होते. पंधरा दसरे दहा मिनिटांत पुसले. खाली नंबर निघाला. आरसी बुकात आहे तोच, एकही आकडा इकडचा तिकडे नाही. शेंदराबद्दल मी तुम्हाला आधीच लिहिलं होतं, मामा. तुम्ही वाचलं, मन निवलं म्हणून कळवलं, आणि तरी अर्ज टाकलात. मला सगळ्यात जास्त ते लागलं.

पुढे तुम्ही लिहिलं होतं की योगराज चिंतामण सोनवणे याने बॉनेट कापलं, योगराज चिंतामण सोनवणे याने इंजिन बदललं, त्याची चौकशी व्हावी, त्याचं गॅरेज सील करावं. चार ठिकाणी त्यांचं नाव होतं. चारही ठिकाणी मी धनश्री रामदास बोरसे वाचलं.

कारण बॉनेट मी कापलं आहे. ग्राइंडर काकांचा, हात माझे. वरणाचा मोठा डबा बसेल एवढी पत्र्याची पेटी मी केली आणि इंजिनावर टांगली, चहूबाजूंनी पोतं गुंडाळून. तिचंच झाकण तुम्हाला फोटोत दिसलं. इंजिनाच्या उष्णतेवर वरण बमरोलीपर्यंत उकळतं राहायचं. काकांना आधी विचारलं होतं, तर ते नाही म्हणाले. पासिंगला अडकेल म्हणाले, पेट घेईल म्हणाले. मी ऐकलं नाही, ते गिऱ्हाइकाकडे गेले होते तेव्हा कापलं. जानेवारीत पोतं एकदा धुमसलं होतं. मी रस्त्यातच पाणी ओतून विझवलं आणि कोणाला सांगितलं नाही. सुकदेवकाकांचं वाचल्यावर पोतं काढून टाकलं, पण पेटी काढायला मन होईना. तुम्हाला हवेसाठी म्हणून लिहिलं, ते खोटं होतं. त्याबद्दल माफी मागते. तुमची भीती खरी होती, मी ती ऐकून घ्यायला हवी होती.

एक वाक्य मात्र मी वाचलंच नाही. ‘सदर मुलगी भोळी असून तिला यातील काही समजत नाही, तरी तिच्यावर कारवाई होऊ नये.’ तिथे आले आणि साहेबांना म्हटलं, संपलं.

मग पेटीचंही मीच सांगितलं, तेव्हा साहेबांनी अर्ज परत खिशात ठेवला. कापलेलं बॉनेट आणि पेटी घेऊन या म्हणाले. काका रिक्षातून घेऊन आले. साहेबांनी दोन्ही समोर तोडायला लावलं, पुन्हा असं करणार नाही म्हणून माझ्याकडून लिहून घेतलं, आणि दंड करून पासिंग दिलं. कोणी लिहिलं असेल असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सही नाही ना साहेब, कसं कळणार. काकांना अजूनही वाटतं की अर्जात माझंच नाव होतं. घरी येताना मला म्हणाले, तुझ्या वाईटावर कोण आहे ते सांग, मी बघतो त्याच्याकडे.

शुक्रवारपासून वरण गारच जातंय. दोघे-तिघे दुसऱ्या गाडीवर जायला लागलेत. त्यातून काहीतरी मार्ग काढू, नियमातला.

आता आईचं. कागद हातात पडल्यावर तिने ते देवापुढे ठेवले आणि म्हणाली, “भाऊनी वळख शे तठे, म्हनीसन काम व्हयनं.” तिची पक्की समजूत झालीय की तुम्ही धुळ्याहून शब्द टाकलात आणि म्हणून आपली जीप सुटली. गल्लीत चार घरी सांगून आली. काल दिवसभर बसून तिने तुमच्यासाठी कळण्याचे पापड केलेत, तुम्हाला आवडतात म्हणून. बुधवारी ती स्वतः ते घेऊन धुळ्याला येते आहे, तुमच्या पाया पडायला.

मी तिला काही सांगितलेलं नाही. ते तुम्हीच सांगा.

धनश्री